राणीसाहेबांची मॉरिस

...तर मला सांगा, गाडी ही बसायची वस्तू हाय का देव्हाऱ्यात मांडायची? नाय, तुमीच सांगा! चार चाकं हायेत, सीट हाय, दार हाय, दाराला कडी हाय, आणि त्या कडीला मी नुसतं बोट लावलं तर कोटातला एक माणूस असा धावत आला, असा धावत आला, जसं काय मी त्याच्या बायकोच्या गळ्यालाच हात घातलाय! "मॅडम, मॅडम, प्लीज! हात लावू नका!" मॅडम! उभ्या जन्मात मला कोण मॅडम बोललं नाय, आणि पहिल्यांदा बोलला तो हाकलायला!

आता तुमी बोलाल, रंभे, तू जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गेलीसच कशाला? तुझा काय संबंध? बरोबर हाय, मी शिकलेली चौथी, मला गाडीतलं कळतं ते एवढंच की पुढं बसलं की वारा लागतो आणि मागं बसलं की मळमळतं. मी काय हौसेनं गेले नाय. मी गेले हेप्झिबा मावशीसाठी.

मावशी म्हणजे आमची शेजारीण. तीस वर्षं भिंतीला भिंत. आमच्या पनवेलची यहुदी, बेने इस्रायल, पण मराठी माझ्यापेक्षा शंभर पटीनं शुद्ध. शाळेत बाई होती ना! अजून मी "नाय" बोलले की भिंतीपलीकडून आवाज येतो, "रंभा, नाय नाही. नाही!" मी बोलते, "नाय बोलणार!" तीस वर्षं हेच चाललंय. वय आता चौऱ्याऐंशी. पोरगा अवीव तिकडं इस्रायलला, अश्दोदला. त्यानं यंदा आईला कायमची न्यायचं ठरवलं. मंगळवारचं विमान! घर आवरलं, भांडी वाटली, पाणी तापवायचा तांब्याचा बंब मला दिला. आणि शुक्रवारी मी सहज विचारलं, सहज हो, तोंडाला लागलेली सवय, "मावशी, सगळं झालं ना? मनात काय राहिलं नाय ना?"

मला वाटलं बोलेल, नाही गं बाई, काही नाही. तर ती खिडकीतून बाहेर बघत बोलली, "एकदा नाथनच्या गाडीत बसायचं होतं."

झालं! आता कुठून आणायची गाडी?

नाथनकाका म्हणजे मावशीचे मालक. मिठाच्या खात्यात होते, जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची मॉरिस गाडी, करड्या रंगाची, उपड्या टोपासारखी गोल. ती घरी आली तेव्हा मावशीनं मालिदा केला होता, मालिदा म्हणजे त्यांच्यातला नवसाचा प्रसाद, भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलची, वर फळं. सगळ्या आळीनं खाल्ला म्हणे. पुढं काका गेले, गाडी पत्र्याखाली उभी राहिली, आमच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या, मग गल्लीचा रस्ता रुंद झाला आणि अवीवनं तिकडूनच फोन करून भंगारवाल्याला देऊन टाकली. त्या दिवशी मावशीनं दिवसभर खिडकीचा पडदा उघडला नव्हता. मी बघितलंय.

आणि बघा योग कसा! शनिवारी आमची सून रंजिता मोबाईल घेऊन आली, "आई, कर्नाळ्याच्या बाजूला रिसॉर्टात मोठं प्रदर्शन भरलंय, मोठमोठे लोक येणार, फोटो बघा." मी फोटो बघत बघत मावशीला दाखवायला नेले, आपला टाइमपास. मावशीनं भिंग लावलं. एका फोटोवर थांबली. बोट तिथंच टेकवलं. "रंभा, रंग बदललाय. पण नंबर तोच."

मग काय, मला कोण थांबवणार? आमचे मालक बळीराम, नाव घेते मी नवऱ्याचं, मला काय लाज नाय, त्यांचा पाण्याचा टँकर हाय. रविवारी मी बोलले, "काढा टँकर." ते बोलले, "अगं, गाड्यांच्या प्रदर्शनाला टँकर घेऊन?" मी बोलले, "मावशीचे गुडघे रिक्षात दुमडत नाय, टँकरच्या केबिनीत पाय सोडून बसता येतं, काढा!" स्टुलावर स्टूल ठेवून चौऱ्याऐंशी वर्षांची बाई वर चढवली, मांडीवर मालिद्याचा डबा. मी बोलले, "मावशी, हा कशाला?" तर बोलते, "गाडी आली तेव्हा केला होता. निरोपालाही करायला नको?"

गेटावर पोचलो. पुढं चकचकीत गाड्यांची रांग, एकेकीच्या नाकावर फुलांचा हार, आणि मधे आमचा टँकर, मागून पाणी गळतंय टप टप टप. वॉचमननं बघितलं आणि ओरडला, "पाणीवाले? किती उशीर! मागच्या गेटनं घ्या, लॉनला पाणी मारायचंय!" बळीराम तोंड उघडून "नाय हो, आमी..." बोलणार तेवढ्यात मी असा चिमटा काढला, असा काढला की त्यांचं तोंड मिटलंच. "होय दादा, पाणीवालेच आमी!" आत! तिकीट नाय, पास नाय! पण बळीराम एवढा सरळ माणूस, एवढा सरळ, आत गेल्यावर खरोखरचा पाइप काढून लॉनला पाणी मारायला लागला हो!

आणि ते लॉन म्हणजे काय? आमच्या चुलत सासऱ्याचं भाताचं शेत! दोन पिढ्या भात काढला तिथं. आता असं गवत वाढवलंय की जे बैलाला खाऊ देत नाय आणि माणसाला तुडवू देत नाय! त्याच्यावर गाड्या मांडल्यात. गाड्या छत्रीखाली, मालक उन्हात! एक जण काय करत होता माहीत हाय? कान साफ करायची कापसाची काडी घेऊन चाकाच्या नटातली धूळ काढत होता. घरी आईच्या कानात कधी घातली असेल का ती काडी? दुसरा एक टोपीवाला आपल्या गाडीकडं बघून बायकोला बोलतो, "हिचा आवाज ऐकला की माझा दिवस चांगला जातो." बायको बिचारी शेजारीच उभी, तिचा आवाज कोण ऐकतंय? आणि जिकडं बघावं तिकडं पाटी, दोरी, आणि दोरीच्या आतून कुणीतरी कोकलतंय, "हात लावू नका!"

शेवटच्या रांगेत ती दिसली. लोण्यासारखा रंग दिलेला, कडा चांदीसारख्या, भोवती लाल मखमलीची दोरी. मावशी काठी टेकून उभी राहिली. मीच बोलले, "ही?" तिनं मान हलवली. बस, तेवढं बघून मी दोरीखालून हात घालून कडीला बोट लावलं, आणि तो कोटवाला धावला... ते मघाशी सांगितलंच.

कोटवाला म्हणजे गाडीचा मालक. शैलेश शेठ. बिल्डर. पांढरे बूट, पांढरी पँट, गळ्यात रुमाल, जसं काय घसा बसलाय. मी सरळ बोलले, मला वळणं घेऊन बोलता येत नाय, "शेठ, ही गाडी ह्या मावशीच्या मालकाची. ह्या मंगळवारी देश सोडून चालल्या. दोन मिनिटं आत बसू द्या, आमी जातो." शेठ तोंडावर तेल लावल्यासारखं हसून बोलला, "ताई, भावना समजतात हो. पण सीट ओरिजिनल आहे. आता जज येतील. सीटला सुरकुती पडली तरी मार्क कापतात. लांबून बघा ना, बघायला कुठे नाही म्हणतोय? फक्त हात लावू नका!"

लांबून बघा! अहो, ज्या सीटवर तिचा संसार गेला ती लांबून बघा! माझं डोकं तापलं, मी पदर खोचायला लागले, तेवढ्यात मागं कसलासा आवाज आला. वळून बघते तर मावशीचे खांदे हलतायत. मी बोलले, गेलं, रडली म्हातारी! जवळ जाऊन बघते तर हसतेय! गाडीपुढं एक इंग्रजी पाटी होती, ती वाचून हसतेय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"मावशी, काय लिवलंय?"

"लिवलंय नाही, लिहिलंय," ती बोलली. तिथं पण! मग चष्मा पुसून सांगते, "रंभा, ही गाडी म्हणे एका संस्थानाच्या राणीसाहेबांची होती. राणीसाहेब हिच्यातून कर्नाळ्याला शिकारीला जात. परतताना करंज्याच्या किनाऱ्यावर विहार करत. आणि मागच्या सीटवरची ती हिरवी नक्षी राजघराण्याच्या खास कारागिराने केलेली आहे."

मी काचेतून आत बघितलं. हिरवी नक्षी! अहो, ठिगळ हाय ते! अवीव चौथीत असताना त्याच्या चड्डीचं कापड उरलं होतं, त्याचं मावशीनं स्वतःच्या हातानं लावलेलं ठिगळ! आणि कर्नाळ्याला शिकार! पक्ष्यांच्या अभयारण्यात! ही माणसं दर दुसऱ्या रविवारी बटाटेवड्याचा डबा घेऊन किल्ल्याच्या पायथ्याशी जायची, आणि येताना करंज्याला बंदरावरून मासळी. हाच तो विहार! थापा मारायच्या म्हणजे किती मारायच्या? मोटारीचा प्रत्येक स्क्रू ओरिजिनल पाहिजे, स्क्रूला गंज ओरिजिनल पाहिजे, आणि माणसं? माणसं चालतील कुठलीही! नाथनकाकांचं नाव पाटीवर मुंगीएवढं पण नाय!

तेवढ्यात जज आले. तीन जण, हातात कागद लावलेल्या फळ्या, आणि बरोबर माईक घेतलेली एक गोड पोरगी, अरुंधती का काय नाव तिचं. ती माईकवर बोलतेय, "आणि आता आपण येत आहोत राणीसाहेबांच्या दिमाखदार मॉरिसकडे..." शेठनं छाती फुगवली. आणि माझ्या डोक्यात, तुमाला सांगते, लख्ख उजेड पडला!

मी दोन्ही हात वर करून ओरडले, "ओ ताई! माईकवाली ताई! राणीसाहेब इथंच हायेत! ह्या बघा, स्वतः आल्यात गाडी बघायला!"

सगळं लॉन वळलं. मावशी उभी, ताठ, पांढरी सुती साडी, कानात मोत्याच्या कुड्या, नाकावर चष्मा, आणि ती नजर! पस्तीस वर्षं शाळेत वर्ग गप्प बसवलेली नजर! जजनं आपोआप टोपी काढली हो! आणि शेठचा चेहरा... काय सांगू! नाय बोलावं तर आमी पाटी खोटी पाडणार, होय बोलावं तर हिला राणी मानावं लागणार! माणूस असा उभा राहिला, जसं काय बुटात खडा गेलाय आणि बूट काढता येत नाय.

मुख्य जज वाकून मावशीला विचारतो, मावशी त्याच्याशी इंग्रजीत, मला नंतर तिनं सगळं सांगितलं. "ही गाडी आपलीच का?" "हो. माझे पती चालवत." "आपण खरंच कर्नाळ्याला जायचात?" "दर दुसऱ्या रविवारी." "आणि शिकार काय मिळायची?" मावशी चष्मा सारखा करत बोलली, "कर्नाळ्याला काही नाही. करंज्याला मात्र रिकाम्या हाताने कधी परतलो नाही." जज बोलला, "वा!" आणि फळीवर लिहून घेतलं! "आणि ही सीटवरची नक्षी?" "ती मी स्वतः केली." लोकांनी टाळ्या वाजवल्या! आणि बघा, एक अक्षर खोटं बोलली नाय म्हातारी! एक अक्षर नाय! मग तिनं मालिद्याचा डबा उघडून बॉनेटवर ठेवला, त्या बॉनेटवर, जिथं माशी बसली तरी शेठ फडकं घेऊन धावत होता, आणि तिन्ही जजनी खाल्ला. एक तर बोटं चाटत बोलला, "राजघराण्यातली पाककृती, नाही?"

शेठनं मला कोपऱ्यात घेतलं. घाम नुसता! "ताई, तुम्हाला काय हवंय ते सांगा. हळू सांगा."

"मला काय नको. मावशीला पुढच्या सीटवर बसवा आणि एक फेरी मारा. अख्ख्या लॉनची."

"फेरी?"

"का, चाकं ओरिजिनल नाय काय?"

मखमलीची दोरी सुटली! ज्या माणसानं मला कडीला बोट लावू दिलं नाय, त्यानं स्वतः दार उघडून मावशीचा हात धरला. आता हात लावला तर चालतो! मी काय कमी हाय? मी मागं जाऊन बसले, ठिगळावर. आणि तुमाला सांगते, दार लागल्याबरोबर वास आला. सुके बोंबील! एवढा रंग दिला, एवढी पॉलिश मारली, अत्तर मारलं, पण बोंबील काय हटला नाय! त्या गाडीत एकच गोष्ट नाथनकाकांची खरोखरची शिल्लक होती, आणि ती पाटीवर नव्हती.

शेठ बसला चालवायला, चावी फिरवली. घर्र... घर्र... घर्र... फुस्स. परत. घर्र... फुस्स. जजनी घड्याळं बघितली. मुंबईहून आणलेले दोन मेकॅनिक धावत आले, बॉनेट उघडलं, मालिद्याचा डबा माझ्या हातात. एक बॅटरी मारून बघतोय, दुसरा मोबाईलवर कुणाला तरी विचारतोय, "सर, क्रँक होतंय पण पकडत नाहीये सर..." शेठचा गळ्यातला रुमाल आता खरोखर घाम पुसायच्या कामाला आला. आता हे बोलणार, राणीसाहेब, माफ करा, उतरा. आणि मंगळवार काय थांबणार हाय?

पुढून मावशीचा आवाज आला, शांत, वर्गात गणित सांगितल्यासारखा. "रंभा, टिकटिक ऐकू येत नाहीये. पेट्रोलचा पंप अडकलाय. बॉनेटच्या आत मागच्या पत्र्याला एक काळा डबा असेल. नाथन त्याला चप्पल मारायचा."

"चप्पल?"

"टाचेकडची बाजू. फार जोरात नको."

मी उतरले. चप्पल काढली. मेकॅनिक दोन्ही हात पसरून आडवा आला, "ओ बाई, ओ बाई! हात लावू नका!"

"हात कोण लावतंय?" मी बोलले, आणि त्याच्या काखेतून चप्पल घालून... फाट!

टिक. टिक टिक टिक टिक टिक... शेठनं चावी फिरवली, आणि गाडी अशी सुरू झाली, जसं काय तिला पण कुणीतरी घरचं भेटलं! लोक टाळ्या वाजवतायत, तो मुख्य जज फळीवर लिहितोय, नंतर कळलं की "मूळ पद्धतीने चालू करण्यात आली" असं लिहून त्यानं दहापैकी दहा दिले!

निघाली फेरी. आणि लॉन म्हणजे नुसता चिखल, कारण आमचा बळीराम! अर्ध्या गाड्या रुतलेल्या, मालक लोक पँटी वर करून ओरडतायत, "बस करा हो, बस करा!" आणि हा पाइप धरून सांगतोय, "शेठ, अजून अर्धा टँकर हाय!" मी खिडकीतून हाताची खूण केली तर त्याला वाटलं मी टाटा करतेय, त्यानं पण केला.

पण माझं लक्ष मावशीकडं. मागून मला तिचा अंबाडा दिसतोय, आणि काठी धरलेला हात. बोलत नाय, हलत नाय. कडेनं झाडं चाललीत, पलीकडं कर्नाळ्याचा सुळका दिसतोय, ऊन उतरलंय. थोड्या वेळानं तिची मान हळूच खाली गेली. मी बोलले, रडतेय. रडू दे, हक्काचं हाय तिचं. आणि माझ्यासारखी बाई, जिच्या डोळ्यातून नणंद गेली तरी पाणी आलं नाय, ती मी मागच्या सीटवर बसून पदरानं नाक पुसतेय! फेरी पुरी झाली, गाडी जागेवर आली. मी वाकून हळूच बोलले, "मावशी..."

घोरत होती.

अहो, चक्क घोरत होती! गाढ! चष्मा नाकाच्या शेंड्यावर! मी त्या म्हातारीसाठी बिल्डरशी भांडले, तिला राणी केली, हजार माणसात चप्पल काढली, आणि ही अख्खी फेरी झोपली! मी गदागदा हलवली, "मावशी! झोपलात तुमी?"

तिनं डोळे उघडले, इकडं तिकडं बघितलं आणि अशी हसली, अशी हसली, पोरीसारखी. "अगं, नाथन गाडी कशी चालवायचा तुला माहीत नाही. मागे वळून गप्पा मारायचा! चाळीस वर्षं या सीटवर मी डोळे फाडून बसले, त्याच्या वाटचा रस्ता मीच बघायचे. एकदा तरी वाटायचं, शेजारी बसून निवांत डोळा मिटावा. आज लागला गं."

माझा सगळा राग गेला. मी तिचा हात धरून उतरवायला लागले, तर ती उतरेचना. सीटवरून हात फिरवतेय. मग माझ्या कानाशी येऊन बोलली, "पण रंभा... बघायचं राहूनच गेलं गं. त्या गृहस्थांना सांग ना, एक फेरी अजून."

शेठनं तोपर्यंत दोरी परत बांधायला घेतली होती. बूट चिखलानं काळे, चेहरा त्याहून काळा. आता तुमीच सांगा, ज्या माणसाची मी एवढ्या लोकांत एवढी गोची केली, त्याच्याकडं परत कुठल्या तोंडानं जायचं?

गेले. ह्याच तोंडानं गेले. दुसरं कुठं हाय माझ्याकडं?